चाकाचें झांकण आणि अस्सलपणाचा पुरावा

जुनी वस्तु विकत घेणारा मनुष्य तिचें रूप पाहतो, आणि विकणारा तिचें कूळ सांगतो. रूप डोळ्यांना दिसतें. कूळ दिसत नाहीं, तें सिद्ध करावें लागतें. असें असूनही व्यवहारांत अधिक मोल पडतें तें कुळालाच. दोन नथी घाटानें व मोत्यांनीं अगदी सारख्या असल्या, तरी पणजीच्या नाकांतली कोणती आणि परवां सोनाराकडून आणलेली कोणती, हा भेद घरांतल्या माणसांना फार मोठा वाटतो. तो भेद कोणी पैशांत मोजूं लागला, म्हणजे पुराव्याचा प्रश्न लगेच उभा राहतो.

या सदराच्या एका वाचक भगिनींनीं असाच एक प्रश्न धाडला आहे. त्यांचा नातू अमेरिकेंत मिशिगन संस्थानांत नोकरीस असून, १९६७ सालची कॉर्व्हेट नांवाची दोन आसनी, शर्यती थाटाची मोटार घेण्याचें त्याच्या मनांत आहे. गाडीचीं ॲल्युमिनियमचीं चाकें व त्यांवरील झांकणें मूळचीं, म्हणजे कारखान्यांतूनच गाडीबरोबर आलेलीं आहेत, असें सांगून मालकानें किंमत बरीच चढविली आहे. "चाकांसाठीं आणि त्यांच्या टोपणांसाठीं एवढे पैसे कां? आणि तीं मूळचीं हें कळावें तरी कसें?" असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. विषय आपल्या घरांपासून दूरचा खरा. परंतु खऱ्याखोट्याची निवड करण्याची रीत त्यांत इतकी स्वच्छ दिसते, कीं या महिन्याचें सदर त्यालाच द्यावें असें मला वाटलें.

शेव्हरोले हें नांव आपल्याकडे नवखें नाहीं. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ मध्यें मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता, आणि तेथें जुळविलेल्या शेव्हरोले गाड्या आपल्या वडील पिढीच्या परिचयाच्या होत्या. त्याच कंपनीच्या शेव्हरोले शाखेनें १९५३ मध्यें अमेरिकेंत कॉर्व्हेट ही गाडी काढली. तिचा खालचा सांगाडा पोलादी, पण वरचें अंग फायबरग्लासचें. पहिल्या वर्षीं मिशिगनमधील फ्लिंट या गांवीं अवघ्या ३०० गाड्या तयार झाल्या. पुढें १९८१ पर्यंत ती सेंट लुईस येथें होत असे, आणि तेव्हांपासून केंटकी संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथें होते.

त्या पहिल्या तीनशे गाड्यांतच आपल्या विषयाचा पहिला धडा सांपडतो. कॉर्व्हेटसाठीं योजलेलीं चाकांचीं खास झांकणें वेळेवर तयार झालीं नाहींत. म्हणून अगदी आरंभीच्या सुमारें पंचवीस गाड्या त्याच कंपनीच्या बेल एअर या घरगुती मोटारीचीं झांकणें लावून बाहेर पडल्या. आतां त्या पंचविसांतल्या एखाद्या गाडीला कोणा हौशी मालकानें कॉर्व्हेटचीं खास झांकणें आणून लावलीं, तर गाडी अधिक शोभेल, पण तिचा मूळपणा कमी होईल. यावरून एवढें ध्यानांत ठेवावें, कीं 'मूळचें' या शब्दाचा अर्थ 'शोभणारें' असा नाहीं, आणि 'पुस्तकांत सांगितलेलें' असाही नाहीं. गाडी कारखान्याच्या दारांतून बाहेर पडली त्या दिवशीं तिच्यावर प्रत्यक्ष जें होतें, तें मूळचें. हें एक ऐतिहासिक विधान आहे, आणि इतिहासाचीं विधानें ज्या रीतीनें तपासतात त्याच रीतीनें तें तपासलें पाहिजे.

दुसरी मौज पहा. शर्यतीच्या गाडीचें चाक झटपट बदलतां यावें म्हणून, अनेक बोल्टांऐवजीं मधोमध एकाच मोठ्या नटानें तें धरण्याची रीत होती. त्या नटाला दोन किंवा तीन कान असत. मऊ धातूच्या हातोड्यानें कानावर ठोके दिले कीं नट सैल होई. कॉर्व्हेटच्या पहिल्या दहा वर्षांतल्या झांकणांवरही असे कान होते, परंतु ते केवळ दिखाऊ. आंत चाक साध्या पांच बोल्टांवरच बसलेलें असे. म्हणजे ज्या झांकणाला आज अस्सल म्हणून मान मिळतो, तें स्वतः जन्मतःच एका निराळ्या वस्तूची नक्कल होतें! तरी तें अस्सल आहे, कारण ती नक्कल कारखान्यानेंच त्या गाडीला लावली होती. १९५६ ते १९६२ या सात वर्षांचीं झांकणें दुरून एकसारखीं दिसतात. परंतु १९५९ पासून त्यांना दहा आयताकार फटी ठेवण्यांत आल्या, ब्रेक तापतात त्यांना वारा लागावा म्हणून. १९५७ च्या गाडीवर फटींचीं झांकणें दिसलीं, तर तीं मागाहून आलीं हें सांगावयास फार विद्वत्ता लागत नाहीं. नजर मात्र लागते.

पुढें १९६३ मध्यें गाडीचा सगळा घाट पालटला, आणि खरोखरीच्या कानांच्या नटानें बसणारें ओतीव ॲल्युमिनियमचें चाक यादींत आलें. तें केल्सी-हेज या कंपनीनें बनविलेलें होतें, व पूर्ण संचाची जादा किंमत ३२२ डॉलर ८० सेंट होती. परंतु आरंभीच्या ओतकामांत धातु सच्छिद्र राही आणि टायरमधील हवा झिरपून जाई. त्यामुळें नियमित पुरवठा १९६४ च्या गाड्यांपासूनच सुरू झाला. १९६४ मध्यें ८०६, १९६५ मध्यें १,११६ आणि १९६६ मध्यें १,१९४ गाड्यांवर या चाकांची मागणी नोंदलेली आहे.

इतक्यांत अमेरिकन सरकारच्या मोटार-सुरक्षा नियमांत २११ क्रमांकाचा नियम आला. चाकाच्या नटाला, तबकडीला किंवा झांकणाला पंखांसारखे बाहेर आलेले कान असूं नयेत, कारण पायीं चालणाऱ्यांस व सायकलस्वारांस त्यांपासून इजेचें भय आहे, असा त्याचा आशय. तो १ जानेवारी १९६८ पासून लागू झाला, आणि १९९६ मध्यें रद्द करण्यांत आला. कॉर्व्हेटनें मात्र १९६७ च्या गाड्यांपासूनच कान टाकून दिले. त्या वर्षाचें ॲल्युमिनियमचें चाक जवळजवळ पूर्वीच्याच घाटाचें, पण पांच नटांनीं बसणारें, आणि ते नट मधल्या झांकणाखालीं लपविलेले. संचाची जादा किंमत २६३ डॉलर ३० सेंट. त्या वर्षीं २२,९४० गाड्या निघाल्या. त्यांपैकीं ७२० गाड्यांसाठींच हीं चाकें मागविलीं गेलीं, म्हणजे शेंकडा तीनांहून किंचित् अधिक. बाकीच्या गाड्यांना सहा इंच रुंदीचें पोलादी चाक, त्यावर चकचकीत कडें आणि मध्यें लहान टोपण, असा सरंजाम होता. पुढच्याच वर्षीं गाडीचें रूप पुन्हां बदललें, आणि हें ॲल्युमिनियमचें चाक त्या एका वर्षापुरतेंच राहिलें. एवढे पैसे कां, या आमच्या भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर या आंकड्यांत आहे.

जी वस्तु थोडी आणि जिला मागणी फार, तिच्या प्रतिकृति निघावयाच्याच. आज अशा चाकांच्या, झांकणांच्या, कड्यांच्या आणि नटांच्या नव्या प्रतिकृति उघडपणें विकल्या जातात. त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्याचीं जुनीं चाकें तडकलीं त्यानें जीव धोक्यांत घालून तींच वापरावींत, असें कोणी म्हणणार नाहीं. प्रतिकृति लावलेली गाडी रस्त्यावर तितकीच सुरेख धांवते. दोष उत्पन्न होतो तो प्रतिकृतीला 'मूळची' म्हटल्यावर. त्यांतून चाक हा मोटारीचा सर्वांत सहज बदलतां येणारा भाग. पांच नट सोडविले कीं अर्ध्या घटकेंत साधी गाडी दुर्मिळ गाडी होते! म्हणून गाडीच्या इतर भागांपेक्षां चाकांविषयींचें विधान अधिक कसून तपासावें लागतें.

तें कसें तपासावें? आपल्या न्यायशास्त्रानें यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. हीं चारही येथें उपयोगी पडतात, आणि त्यांतील एकही एकटें पुरत नाहीं.

प्रथम प्रत्यक्ष. चाक उतरवावें, झांकण व कडें काढावें, आणि उजेडांत पाठपोट पहावें. पोलादी चाकांवर हवा भरण्याच्या नळीच्या छिद्राजवळ अक्षरें व अंक ठोकलेले असतात. बाहेरचें कडें काढल्यावाचून आणि मळ पुसल्यावाचून ते बहुधा नीट दिसत नाहींत. दोन अक्षरें चाकाचा प्रकार सांगतात: 'डी-सी' म्हणजे १९६७ चें सहा इंची, 'ए-जी' म्हणजे १९६८ चें सात इंची, आणि 'ए-झेड' म्हणजे १९६९ पासूनचें आठ इंची. दुसरीकडे मिती असते. समजा, 'के १ ७ ३ १४' असें दिसलें. तर 'के' म्हणजे केल्सी-हेज, '१' म्हणजे शेव्हरोलेसाठीं, आणि पुढें सातव्या वर्षाच्या तिसऱ्या महिन्याची चौदावी तारीख. आतां 'सातवें वर्ष' म्हणजे १९६७ कीं १९७७, हें त्या एका अंकावरून कळत नाहीं. शिलालेखांत शकाचें नांव गाळलेलें असलें म्हणजे वाचणाराची जी अडचण होते, तीच ही. ती 'डी-सी' या अक्षरांनीं सुटते. कारण तीं १९६७ च्या चाकावरच असतात. कड्यावर अशी मिती शोधण्यापेक्षां त्याची खोली व बसण्याची रीत चाकाच्या मापाशीं जुळते कीं नाहीं, तें पहावें. स्टेपनी पाहण्यास विसरूं नये. गाडीच्या पाठीमागें खालीं ती एका पेटींत बसविलेली असते, आणि पुष्कळदा ती पन्नास वर्षांत एकदांही वापरलेली नसते. घरांत सर्वांत जुनें भांडें माळ्यावर सांपडावें, तसा प्रकार.

दुसरें अनुमान. चाकाची मिती गाडीच्या जन्मतिथीच्या आधींची असली पाहिजे, आणि फार आधींची नसावी. गाडीची जन्मतिथि तिच्या अंगावरील धातूच्या पट्टीवर महिन्याचें अक्षर व दिवसाचा अंक या रूपानें दिलेली असते. चाक मार्चमधलें आणि गाडी जानेवारीतली, असें निघालें, तर चाक मागाहून आलें हें निश्चित. कार्य आधीं आणि कारण नंतर, असें जगांत घडत नाहीं. चारही चाकांच्या मित्या परस्परांच्या जवळपास असणें हेंही अनुकूल लक्षण. त्याचप्रमाणें चारही झांकणांची झीज सारखी आहे काय, तीन जुनीं व एक नवें असें दिसतें काय, आणि चाकाची गंजखाई गाडीच्या वयाशीं जुळते काय, हें पहावें.

परंतु येथें एका हेत्वाभासापासून जपलें पाहिजे. 'या चाकावर योग्य अक्षरें व योग्य मिती आहे, म्हणून तें या गाडीचें मूळचें चाक आहे', हें अनुमान ऐकावयास पक्कें वाटतें, पण तें सव्यभिचार आहे. कारण तींच अक्षरें व तीच मिती त्या दिवशीं तयार झालेल्या इतर चाकांवरही आहेत. त्यांतील एखादें दुसऱ्या मोडलेल्या गाडीवरून काढून येथें बसविलें असणें अगदी शक्य आहे. मितीवरून 'हें चाक या गाडीचें असूं शकेल' एवढेंच सिद्ध होतें. उलट मिती चुकीची असेल तर 'हें चाक या गाडीचें नाहीं' हें मात्र पूर्ण सिद्ध होतें. म्हणजे मिती नाकारण्यास जितकी समर्थ, तितकी स्वीकारण्यास नाहीं. शिवाय लोखंडावर अंक ठोकणें ही कांहीं दुर्लभ विद्या नव्हे. ठशांच्या कडा, त्यांची खोली आणि त्यांवरील रंगाचा थर हेही पहावे लागतात.

तिसरें उपमान. जी गाडी कधींच उघडून नवी केलेली नाहीं आणि जिचा इतिहास ठाऊक आहे, अशा गाडीच्या चाकाशीं आपलें चाक ताडून पहावें. अमेरिकेंत यासाठीं 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी' ही संस्था १९७४ पासून काम करीत आहे. कारखान्यांतून बाहेर पडतांना गाडी कशी असे, हें भागश: नोंदवून ती वर्षावार मार्गदर्शक पुस्तिका काढते, आणि तिचे परीक्षक त्यांच्या आधारें गाड्यांना गुण देतात. ब्लूमिंग्टन गोल्ड या नांवाच्या मेळाव्यांत न बदललेल्या गाड्यांना 'सर्व्हायव्हर', म्हणजे टिकून राहिलेली, असा निराळा मान देतात. तेथें चकाकीपेक्षां मूळ रंग व मूळ झीज यांना किंमत आहे. मात्र एक भेद ध्यानांत असावा. परीक्षक बहुधा 'कारखान्यांतून निघाली तेव्हां होती तशी दिसते काय' याचें उत्तर देतात. 'हेंच तें चाक' ही ग्वाही त्याहून वेगळी आहे, आणि पदक दाखवून ती देतां येत नाहीं.

चौथें शब्दप्रमाण, म्हणजे कागद. यादींत छापलेलें सर्वच खरें धरूं नये, हें १९६३ च्या चाकांवरून आपण पाहिलेंच. परंतु त्या विशिष्ट गाडीचा कागद ही निराळी गोष्ट आहे. पहिल्या खरेदीची पावती, विक्रीच्या वेळीं कांचेवर लावलेलें किंमतपत्रक, आणि १९६७ च्या गाड्यांपासून पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या अंगाला चिकटविलेला जुळणीचा कागद, यांवर त्या गाडीला कोणकोणत्या जादा वस्तु लावल्या तें लिहिलेलें असतें. टाकी खालीं उतरविल्यावाचून तो कागद दिसत नाहीं, आणि पुष्कळदा तो फाटलेला असतो; पण जेथें तो शाबूत आहे तेथें त्याच्यासारखा साक्षीदार नाहीं. कॅनडांत विकलेल्या गाड्यांच्या नोंदी कंपनीच्या तेथील शाखेकडून मिळत आल्या आहेत; अमेरिकेंत विकलेल्या त्या काळच्या कॉर्व्हेटांची अशी गाडीवार नोंद कंपनी देऊं शकत नाहीं. कागदांचीही प्रतिकृति होते. म्हणून कागद खरा आहे कीं नाहीं याची परीक्षा वरील तीन साधनांनीं करावी, आणि त्या तिघांच्या उणीवा कागदानें भरून काढाव्या.

एवढें झाल्यावर निर्णय 'खरें' आणि 'खोटें' अशा दोनच शब्दांत मांडण्याचा मोह होतो. तो आवरावा. माझ्या मतें येथें चार पायऱ्या आहेत. पहिली, 'जन्मजात': कागद, मिती आणि झीज या सर्वांची साक्ष एकमुखी आहे. दुसरी, 'समकालीन': वस्तु त्याच वर्षाची, त्याच कारखान्याची, पण याच गाडीवर आली याचा पुरावा नाहीं. तिसरी, 'उत्तरकालीन': कंपनीनेंच पुढें सुटा भाग म्हणून विकलेली. आणि चौथी, 'प्रतिकृति': दुसऱ्यानें मागाहून बनविलेली. चारही पायऱ्यांवरच्या वस्तु प्रामाणिक मनुष्याच्या गाडीवर असूं शकतात. जो विकणारा दुसरीला पहिली म्हणतो, तो ग्राहकाचे पैसे तर घेतोच. पण ७२० गाड्यांच्या लहानशा इतिहासांत एक खोटी गाडी घालून पुढच्या शोधकाचीही वाट चुकवितो.

यांतून आपल्या घरांनीं घेण्यासारखें पुष्कळ आहे. लग्नांत आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नांव व तारीख घालण्याची आपली चाल ही अशीच एक मिती आहे. घागरीवर १९३८ असें घातलेलें असेल, तर ती त्या सालीं दिली गेली एवढें ठरतें. ती त्याच सालीं घडविली असें ठरत नाहीं. आणि तीच घागर उजळावयास देऊन कोणी नांवासकट घासून गुळगुळीत करून आणली, तर घागर नवी दिसेल, पण ती कोणाची हें सांगणारें तोंड कायमचें बंद होईल. जुन्या मोटारीच्या झांकणांचें हेंच होतें. मूळ मुलामा खरवडून नवा चढविला, ठोकलेलीं अक्षरें रंगाखालीं पुरलीं, म्हणजे पुरावाच धुवून टाकला. झिजलेलें पुन्हां झिजवितां येत नाहीं.

तेव्हां आमच्या भगिनींच्या नातवानें इतकें करावें. सौद्यापूर्वीं चारही चाकें व स्टेपनी उतरवून प्रत्येकाचीं दोन्ही अंगें, ठोकलेलीं अक्षरें आणि अंगावरील पट्टी यांचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि तीं पुसण्याच्या आधीं घ्यावींत. टाकीवरील कागद पाहूं द्यावा अशी मागणी करावी. नंतर मालकाकडून चार पायऱ्यांपैकीं कोणती, तें लेखी घ्यावें. पहिली पायरी तोंडानें सांगून लिहितांना जो दुसरीवर उतरतो, त्याला किंमतही दुसरीचीच द्यावी. गाडी घेतल्यावर कांहीं बदलावेंच लागलें, तर काढलेला जुना भाग टाकून न देतां नांवाची चिठ्ठी बांधून ठेवावा, आणि एका वहींत तारीखवार नोंद करावी. उद्यां ती गाडी दुसऱ्याच्या हातीं जाईल, तेव्हां ती वही त्याला शब्दप्रमाण होईल. आणि ती लिहिणारा खरें बोलत होता कीं नाहीं, हें त्या चिठ्ठी बांधलेल्या जुन्या भागांवरून त्याला ताडून पाहतां येईल.